पुण्याच्या विरुद्ध

स्ट्रॅटेजी हा शब्द आमच्या कंपनीत वर्षातून एकदाच, तोही जरा लाजत, उच्चारला जायचा. एरवी आम्ही मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायचो. दार लावल्यावर पाणी आणि धूळ आत येऊ नये म्हणून कडेने जी काळी पट्टी असते ना, ती. लोकांचं तिच्याकडे लक्षही जात नाही. आमचं पोट मात्र तिच्यावरच होतं.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. पुण्यातली माझी कंपनी बंद पडली, तेव्हा चेन्नईत, अंबत्तूरच्या या कारखान्यात, नियोजन विभागात नोकरी मिळाली. नवरा पुण्यात बँकेत. त्याने यावं की मी परतावं, हे थोडे दिवस थांबून बघू असं ठरलं आणि थोडे दिवस संपेचनात. त्याचं म्हणणं, पुणं सोडून आपण जगूच शकत नाही. मुलगी माझ्याजवळ, वेस्ट मांबलमच्या छोट्या फ्लॅटमध्ये, शेजारच्या मामींच्या भरवशावर. ती माझ्याशी मराठीत भांडायला सुरुवात करायची आणि भांडण हातघाईवर आलं की तमिळमध्ये शिरायची. तिथे तिला उत्तर द्यायची घरात कोणाची टाप नव्हती.

अशात कंपनीत बातमी फुटली की पुण्याजवळ दुसरा कारखाना काढायचा. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तिकडे होतं आणि माल उशिरा पोचतो म्हणून सतत ओरडत होतं. मालकीणबाईंचं मन जवळजवळ झालं होतं. तिकडचं नियोजन कोण बघणार, हे कोणी विचारतही नव्हतं. कँटीनमध्ये लोक माझं अभिनंदन करू लागले, वाढणारा पानात एक जादा वडा टाकू लागला. मी तर मनातल्या मनात मुलीची शाळासुद्धा ठरवून टाकली होती.

तेव्हा माझ्या साहेबांनी मला बोलावलं.

साहेब तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेले. घरात अजून मराठीच, पण तिच्यात तमिळचा हेल आणि जुन्या पोथीतले शब्द. नोकरीच्या मुलाखतीला त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, "जेवण जालें कां मा?" परक्या शहरात हा प्रश्न ऐकून मी पाठ करून नेलेली सगळी उत्तरं विसरले होते. माझी पुणेरी मराठी मात्र त्यांना थोडी बिघडलेली वाटायची आणि ते तसं सांगायचेही.

त्यांची कामाची एक रीत होती. सल्लागार आणून, पडद्यावर रंगीत चौकटी दाखवून धोरण ठरवणं त्यांना पटायचं नाही. मोठा निर्णय असला की एकाने बाजूने बोलायचं, एकाने विरुद्ध. आणि विरुद्ध बोलायचं काम ज्याला ती गोष्ट सगळ्यात जास्त हवी आहे त्याच्याकडे द्यायचं. ही रीत त्यांच्या घरातली. मुलीला स्थळ आलं की ज्याने ते आणलं असेल, त्यानेच सगळ्यांसमोर त्यातले दोष सांगायचे. त्यांच्या आत्याने स्वतः आणलेलं स्थळ असं मोडलं होतं म्हणे.

"तुज मन तिकडे आहे," ते म्हणाले. "म्हणून विरुद्ध बाजू तुजकडे."

माझं डोकं सणकलं. "सर, हा अन्याय आहे."

त्यांनी वाटीतली कॉफी शांतपणे पेल्यात ओतली. "सरि, बरें. नको तर सांग. दुसऱ्याला देतों. पण त्याला पुणें नकोच आहे. तो सहज बोलेल."

मी रागारागात हो म्हटलं. विरुद्ध बोलण्यासारखं काही सापडणारच नाही, याची मला खात्री होती.

मुलीला मामींकडे ठेवून मी गिऱ्हाइकाकडे चौकशी करायला पुण्याला गेले. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या एक खमक्या बाई होत्या. आमचे सेल्सवाले त्यांना थरथर कापायचे. मी मराठीत बोलायला लागले, पाच मिनिटांत आमची माहेरं निघाली आणि त्यांनी चहा मागवला. चहा घेता घेता मी विचारलं, "माल उशिरा येतो म्हणून खूप अडतं का हो?"

"उशिराचं आम्ही बघून घेतो," त्या म्हणाल्या. "चार दिवसांचा साठा ठेवतोच. पण तुमचं डावं-उजवं, पुढचं-मागचं सगळं एका खोक्यात कोंबलेलं असतं. ते निवडत बसेपर्यंत लाईन थांबते. चला, दाखवते."

दाखवलं. दोन माणसं जमिनीवर बसून आमच्या पट्ट्या निवडत होती, मेथी निवडावी तशी. उशीर झाला म्हणून आम्ही घाईत पाठवायचो आणि घाईत पाठवलं की असं व्हायचं. पुण्यात कारखाना काढून आम्ही हाच गोंधळ जास्त जवळून पाठवणार होतो. दुखणं अंबत्तूरच्या पॅकिंगमध्ये होतं. मोटारी ज्या क्रमाने बनतात त्या क्रमाने पट्ट्या भरल्या आणि पुण्यात एक साधं गोदाम घेतलं, तर काम होणार होतं.

त्या रात्री नवऱ्याने आवडीने पिठलं केलं होतं. मी त्याला काही बोलले नाही. परतीच्या गाडीत दौंड मागे पडेपर्यंत मात्र मी खिडकीकडे तोंड करून रडले.

बैठक मैलापूरच्या हेड ऑफिसात झाली. मी सगळं मांडलं. पदरचं काही घातलं नाही आणि काही लपवलंही नाही. बोलताना सारखं वाटत होतं, कोणीतरी उठावं आणि मला खोडून काढावं. सेल्सवाल्यांनी प्रयत्न केला, पण ते कधी त्या जमिनीवरच्या माणसांपर्यंत गेलेच नव्हते. शेवटी मालकीणबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "ही झाली तुला दिलेली बाजू. तुझं स्वतःचं मत काय?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते.

"मला जायचंय, मॅडम," मी म्हणाले. "पण कारखाना तिकडे काढायला नको."

पुण्याचा कारखाना निघाला नाही. पुढे अंबत्तूरचं पॅकिंग बदललं आणि ते गिऱ्हाईक आमच्याकडेच राहिलं.

बाहेर पडताना साहेब म्हणाले, "आत्या असती तर तुज ओटी भरली असती." मी त्या साहेबांची जन्माची ऋणी आहे. माझी इच्छा आणि माझी अक्कल एकाच माणसात नांदू शकतात, यावर माझ्या आधी त्यांनी विश्वास ठेवला. पुढे मी स्वतः विभाग चालवला तेव्हा हीच रीत ठेवली आणि पुष्कळ शिव्या खाल्ल्या. त्या शिव्याही मी त्यांच्या नावाने आनंदाने घेतल्या. पण त्यांचं खरं देणं त्याच संध्याकाळी घरी पोचलं.

नवऱ्याचा फोन आला. मी सांगून टाकलं की कारखाना होत नाही.

"कोण आडवा आला?"

"मी."

त्याने तिकडचा टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "सगळं सांग." मी सगळं सांगितलं, साहेबांची रीतही आणि आत्याचं स्थळही. मागे मुलगी गृहपाठावरून तमिळमध्ये तणतणत होती.

"पुणं सगळ्यात जास्त कोणाला हवंय?" त्याने विचारलं. "मलाच ना? म्हणजे तुमच्या रीतीने पुण्याच्या विरुद्ध मीच बोलायला हवं."

"बोल."

"पहिलं कारण," तो म्हणाला. "ती रागावली की काय बोलते, ते मला कळत नाही गं."

दुसरं कारण मी त्याला सांगूच दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने बँकेत चेन्नईला बदली मागितली.