जोत्यावरचे पावसाळे

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना सांगण्यात आलं, की मुलाकडच्यांचं डोंबिवलीत घर आहे. हे खोटं नव्हतं. घर होतं, फक्त ते जोत्यापर्यंतच होतं. काळ्या दगडाचं गुडघाभर उंचीचं जोतं आणि चहूबाजूंना भाताची खाचरं. लग्नानंतर सासूबाई मला ते दाखवायला घेऊन गेल्या. मी जवळच्या बाजूने वर चढायला लागले, तर म्हणाल्या, "तिथून नको गं, तिथे भिंत आहे. दारातून ये." मग त्यांनी मला माजघर, आमची खोली आणि स्वयंपाकघर दाखवलं. सगळीकडे मुरूम होता.

तोवर बिऱ्हाड ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत मामंजी आणि धाकटे दीर झोपत, स्वयंपाकघरात सासूबाई आणि मी, आणि माझा नवरा गॅलरीत. संसाराबद्दल आम्ही दोघं जे काही बोललो, ते बहुतेक डोंबिवलीच्या जोत्यावर, आमच्या खोलीत उभं राहून. घर व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. मला जरा जास्त वाटत होतं.

तेव्हा तिकडे घर बांधायची रीतच होती. जोतं बांधायचं, आत मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकून घट्ट करायचं आणि त्यावर एक पावसाळा जाऊ द्यायचा. भर बसायची तेवढी बसते, मग भिंती उचलायच्या. मामंजींनीही तसंच केलं. बाकीचे लोक एक पावसाळा थांबत, मामंजी माती बसेपर्यंत थांबत, एवढाच काय तो फरक. त्यांनी उभा जन्म सरकारी कचेरीत काढला होता. घाई म्हणजे काय, हे त्यांना ऐकून माहीत होतं.

दिवाळीच्या सुमाराला ते एक सरळ फळी घेऊन जोत्यावर जात, ती जमिनीवर आडवी ठेवत आणि स्वतः पालथे पडून फळीखालून उजेड दिसतो का ते बघत. दरवर्षी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिसायचाच. तिथून पूर्वी शेताचा पाट जात असे. मग पुन्हा गाडीभर मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. मजुरांचा मुकादम जवळच्याच गावचा होता. तो वैतागून म्हणाला, "काका, बांदा आता. नातवां झाली तरी ही माती बसाची नाय." मामंजी म्हणाले, "हरकत नाही."

नातवंडं होणार कशी, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती.

आमच्यानंतर जमीन घेतलेल्यांच्या वास्तुशांती झाल्या. आम्ही सगळीकडे जेवून आलो. मामंजी प्रत्येक घरात शिरताना टाचेने जमीन ठोकून बघायचे आणि "बघू" म्हणायचे. त्यांतलं एकही घर पडलं नाही. ह्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

पुढच्या दिवाळीत ते पुन्हा पालथे पडले, उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "अजून एक पावसाळा." सासूबाई लगेच "बरं" म्हणाल्या. त्या इतक्या लवकर "बरं" म्हणाल्या म्हणजे मला भीतीच वाटायची.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे डोंबिवलीला गेलो, तेव्हा सासूबाईंच्या पिशवीतून स्टो, पातेली, डाळ, तांदूळ आणि पळी निघाली. त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेल्या आणि स्टोला पंप मारू लागल्या. मी वाऱ्याला आडोसा म्हणून चादर धरून उभी राहिले.

"हे काय चाललंय?" मामंजी.

"स्वयंपाक."

"इथे?"

"स्वयंपाकघरात नाही करायचा, तर कुठे करायचा? आजपासून मी इथेच राहणार. तुम्ही खुशाल जा ठाण्याला."

बांधावर चार माणसं जमली. "अगं ऊठ, लोक बघताहेत," मामंजी हळूच म्हणाले.

"भिंती नाहीत, म्हणून बघताहेत," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तांदूळ वैरले.

मामंजी तिथेच मुरमावर मांडी घालून बसले. मग जेवले. परतताना वाटेत गवंड्याच्या घरी थांबले आणि काम सुरू करायला सांगून आले.

पावसाळ्याच्या आधी आम्ही राहायला गेलो. खोलीला दार होतं. मी ते पहिले काही दिवस उगाचच लावत आणि उघडत असे.

आणि पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली शहाबादी फरशी खचली. चांगली दोन बोटं. सासूबाईंनी त्यावर पाण्याचं पिंप सरकवलं आणि मला म्हणाल्या, "बोलायचं नाही." मामंजी रोज विचारत, "कुठे काही बसलंय का?" आम्ही दोघी एका सुरात "छे!" म्हणत असू.

एके दिवशी पिंप घासायला बाहेर काढलं होतं. पावसाने घरभर वाळत घातलेले कपडे, त्यामुळे पाट मांडायला तेवढीच जागा उरलेली. मी न कळत तिथेच पान वाढलं. मामंजी बसले. सासूबाईंनी भातावर आमटी घातली, आणि ती ताटातल्या ताटात कोपऱ्याकडे निघाली, काठापर्यंत गेली. सासूबाईंचा पळीचा हात तसाच राहिला. हा माणूस कित्येक वर्षं पालथा पडून जे सांगत होता, ते त्याच्या ताटात आलं होतं. आता आयुष्यभर ऐकावं लागणार होतं, आणि खरं सांगायचं तर तो त्यांचा हक्कच होता.

मामंजींनी ताटाकडे बघितलं. मग फरशीकडे आणि मग सासूबाईंकडे. ते उठले, पाट उचलून ताटाच्या पलीकडे, कोपऱ्यात मांडला आणि इकडे तोंड करून बसले. आता आमटी त्यांच्याकडेच येत होती.

"चांगली झालीय," ते म्हणाले. "अजून वाढ."

मला रडू आलं, म्हणून मी लिंबाची फोड आणायच्या निमित्ताने माजघरात गेले. परत आले तेव्हा सासूबाई वाढत होत्या, आणि मामंजी बोटाने आमटी अडवून जेवत होते.