कोंडाबाईच्या काठीचं बूच

माझ्या आईचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. जीभ देताना मात्र देवानं हात आखडता घेतला नाही. तिचं नाव कोंडाबाई. भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरात आमची वाडी. तिथं ती एकटी राहते आणि मी, तिची एकुलती एक लेक मंगल, खाली हायवेवर पेठला दिलेली. मला सांगायची आहे ती तिच्या काठीच्या बुचाची गोष्ट. हसू नका. त्या बुचापायी आमच्या भावकीत तीन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

आई पडली अठ्ठ्याण्णव साली, हिरड्याच्या झाडावरून. पन्नाशी उलटलेली बाई, हिरडा झोडायला कुणाला तरी चढवायचं, तर ही स्वतः फांदीवर! खुबा मोडला. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. मी सागाची चांगली काठी आणून दिली, तर तिनं ती वाल चढवायला मांडवात रोवली. दोन वर्षं भिंती धरून चालली, पण काठी म्हणून धरली नाही. काठी धरली की लोक म्हातारी म्हणतात आणि म्हातारी म्हटलं की विचारायचे बंद होतात, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं ते.

मग एका पावसाळ्यात पुण्याची काही पोरं-पोरी वाट चुकून वाडीत आली. चिंब भिजलेली, काकडलेली. आईनं त्यांना चुलीपुढं बसवून वरईचा भात आणि उडदाचं घुटं खाऊ घातलं. निघताना त्यातल्या एका मुलीनं आईचं चालणं बघितलं आणि स्वतःची काठी तिच्या हातात दिली. हलकी, ॲल्युमिनियमच्या नळीची, लांब करता येणारी, आखूड करता येणारी. मुलगी म्हणाली, मावशी, ही आजाऱ्याची नाही, ही डोंगर चढायची काठी आहे. झालं! त्या एका वाक्यावर आई भाळली. दुसऱ्या दिवसापासून काठी हातात घेऊन वाडीभर हिंडली, आणि भेटेल त्याला ऐकवत सुटली की लंगड्याची काठी वेगळी आणि डोंगराची वेगळी.

त्या काठीच्या टोकाला काळं रबर होतं आणि रबराच्या आत पोलादाची अणी. तीन पावसाळ्यांत रबर झिजलं आणि अणी बाहेर आली. चिखलात ती बरी रुतायची. पण अणी म्हणजे लोखंड, आणि तिथंच सगळी गोम होती.

आमच्या वाडीच्या वर देवीची राई आहे. नवा भात घरात आला की कुणीही तो तोंडात घालायच्या आधी पहिला नैवेद्य देवीला जातो. तो न्यायचा मान आमच्या घराचा. घरातल्या थोरल्या बाईनं दुरडी डोक्यावर घ्यायची आणि शिवेच्या दगडापासून देवीपर्यंत आपल्या पायानं जायचं. वाटेत तिला कुणी हात लावला, सावरलं, तर मान तिथल्या तिथं भावकीतल्या पुढच्या घरी जातो. राईत चप्पल चालत नाही आणि लोखंड चालत नाही. कोयतासुद्धा दगडापाशी ठेवायचा. निम्म्या वाटेवर एक कातळ आहे, त्यावरून झऱ्याचं पाणी वाहतं आणि बारा महिने शेवाळ असतं. धडधाकट माणूस तिथं अंगठे रोवून चालतो. काठीचं रबर शाबूत होतं तोवर आईनं तो कसाबसा ओलांडला होता.

भावकीतलं पुढचं घर भिमाजीकाकाचं. हा आईचा चुलत दीर. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर ह्यानं निरोप धाडला, की वैनीचं वय झालं, वैनीला उगा तरास नको, यंदा दुरडी आमची बया नेईल. बया म्हणजे त्याची बायको, माझी काकी. बोलणं कसं, साखरेत घोळलेलं. बाबा, जानकू त्यांचं नाव, ते असते तर ह्याची छाती झाली नसती.

आई पहिल्या एसटीनं पेठला माझ्या दारात हजर. म्हणाली, काठीला रबर घ्यायचंय. मी तिला समजावलं. म्हटलं, कशाला जिवाला घोर, तुझ्यामागं मान त्यांच्याकडंच जाणार, लेकीला काही तो मिळत नाही. सोडून दे आणि माझ्याकडं येऊन राहा. तिनं चहा पिऊन कप खाली ठेवला.

"मी मेल्यावर त्यांचाच हाय ना? मग मरूस्तवर थांबायला काय व्हतं त्यांना?"

मी पायात चपला घातल्या आणि निघाले.

मंचरच्या औषधाच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठ्यांची रबरं होती, पण त्यांचं तोंड वाटीएवढं. काठी आत घातली की रबर खालीच राहायचं. दुकानदार म्हणाला, आत कागद कोंबा. आईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं रबर मुकाट परत बरणीत टाकलं. हार्डवेअरवाल्याकडं स्टुलाच्या पायाची बुचं मिळाली. आईनं एक चढवलं, दुकानाच्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतायला लावलं आणि काठी टेकली. सर्रकन गेली. दुसरं चढवलं, तेही गेलं. रबर नखानं दाबायची, वास घ्यायची, कडक आहे म्हणायची, पुढचं मागायची. गिऱ्हाइकं ओल्या पायरीवरनं घसरायला लागली तेव्हा दुकानदारानं हात जोडले. खेळाच्या सामानवाल्यानं सांगितलं की असलं बूच पुण्यालाच मिळेल आणि तेही जोडीनंच. आई म्हणाली, मला जोडी कशाला, माझा पाय एकच आखूड आहे.

शेवटी घोडेगावात कुंडलिकच्या सायकलच्या दुकानात आलो. हा पहिला माणूस, ज्यानं विचारलं की मावशी, चालायचंय कशावर? कातळावर, ओल्या, आईनं सांगितलं. त्यानं काठी उलटसुलट केली. अणीवर बूच ठरत नव्हतं, म्हणून आईला विचारून त्यानं अणीच करवतीनं कापून टाकली. लोखंड गेलं म्हणून आई खूश. मग त्यानं कोपऱ्यातून एक निळा रबरी तुकडा काढला, त्याच्या गोल चकत्या कापल्या, पंक्चरच्या सोल्युशननं एकावर एक चिकटवल्या आणि सायकलच्या ट्यूबनं करकचून आवळल्या. पंक्चर बघायच्या घमेल्यातलं पाणी फरशीवर सांडून आईनं काठी टेकली, अंगाचा सगळा भार दिला. हलली नाही! आई तिथंच मोठ्यानं हसली. एवढी हसलेली मी तिला बाबा गेल्यापासून बघितली नव्हती.

तो निळा तुकडा कशाचा, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. चूक झाली ती तिथं.

नैवेद्याला तीन दिवस होते. आई अंगणात काठी टेकत मुद्दाम ठसक्यात फिरत होती, तेवढ्यात भिमाजीकाका आला. वाकला, बुचाची कड नखानं खरवडली. कडेला तळव्याची नक्षी अजून दिसत होती.

"वैनी, ही तर चप्पल हाय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, काका, तुमच्या घड्याळाचा पट्टा चामड्याचा, तो घालून तुम्ही राईत जाता, ते चालतं वाटतं? तो म्हणाला, पट्टा हाताला असतो, भुईला लागत नाही. मग कुशाबाला बोलावलं. कुशाबा आमचा म्हातारा भगत, कुणाच्या बाजूचा नसलेला माणूस. त्यानं बराच विचार केला आणि सांगितलं, की चपलेचं रबर भुईवर टेकलं की ते पायताणच, आणि पायताण राईत जात नाही.

मी भांडायला पदर खोचला, तर आईनंच मला गप्प केलं. कुशाबा बरोबर बोलला म्हणाली. मला तेव्हा तिचा इतका राग आला! तिचं भांडण देवीशी नव्हतं, भिमाजीशी होतं, हे मला कळत होतं तरी राग आला. बूच काढून ती पाणवठ्यावर गेली आणि नुसती नळी ओल्या दगडावर टेकून बघितली. घसरली आणि मोडक्या खुब्यावरच आपटली. मी तिला उठवताना रडकुंडीला आले. म्हटलं, आये, बास आता.

सकाळी बघते तर ती घरात उभी राहून आढ्याकडं टक लावून बघतेय. आढ्याला देवीचा नारळ टांगलेला होता. आमच्यात देवीपुढं ठेवलेला असोला नारळ, म्हणजे सोडणासकट, प्रसाद म्हणून घरी येतो आणि वर्षभर आढ्याला राहतो. नवा आला की जुना उतरायचा. आईनं तो दोन दिवस आधी उतरवला. हात जोडले, सोडण सोललं, भिजत घातलं, कुटलं आणि काथ्या वळायला बसली. मला म्हणाली, नुसती बघू नकोस, टोक धर. मी धरलं. नळीत घट्ट बसेल असा गोळा झाला, त्यावरनं बाहेरून काथ्याचेच वेढे. ओल्या दगडावर टेकून बघितलं तर काथ्यानं पाणी पिऊन दगड धरला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.

नैवेद्याच्या दिवशी सगळी वाडी शिवेच्या दगडापाशी जमली. भिमाजीकाका आपली दुरडी भरूनच घेऊन आला होता, बघा तोरा! बयाकाकी ती धरून मान खाली घालून उभी. आईनं निळं बूच काठीवर चढवून आणलेलं होतं. तिनं ते सगळ्यांच्या देखत काढलं आणि चपलांच्या रांगेत, भिमाजीकाकाच्या चपलांना लागून ठेवलं. मग ओच्यातून काथ्याचा गोळा काढून नळीत ठोकला. काकानं हे काय म्हणून तोंड उघडलंच.

"तिच्याच नारळाचा काथ्या हाय," आई म्हणाली. "तिची वस्तू तिच्याच दारात चालत न्हाई आसं म्हना, मी हितनंच माघारी जाते."

कुशाबानं वाकून काथ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि वाटेतून बाजूला झाला.

आई दुरडी डोक्यावर घेऊन निघाली. मागं बयाकाकी, तिच्यामागं आम्ही सगळे. कातळावर आल्यावर आईनं आधी काठी टेकायची, दाबायची, मग पाय. असं करत ती निम्म्याच्या पुढं गेली. दोन पावलं राहिली असताना आखूड पाय सटकला. दुरडी कलली. बयाकाकीचा हात पुढं आला. तो लागला असता तर मान तिथंच त्यांच्या घरात जात होता, आणि हे बयाकाकीला माहीत होतं.

"बये, हात मागं."

आई ओरडली नाही, वळूनही बघितलं नाही. हात वीतभर अंतरावर थांबला आणि मागं गेला. आई एका काठीवर आणि एका पायावर तशीच उभी राहिली. मी पदर दातात धरला होता. मग तिनं दुरडी सरळ केली, आखूड पाय उचलून पुढं ठेवला, आणि कातळ ओलांडला. मी रडले, त्याची मला लाज वाटत नाही. भिमाजीकाकाचं उतरलेलं तोंड बघून हसलेही, त्याचीही वाटत नाही.

परत दगडापाशी आल्यावर आई काकाला म्हणाली, भावजी, तुमच्या चपलांपाशी माझी एक हाय, तेवढी द्या. त्यानं वाकून दिली.

त्यानंतर दर वर्षी नव्या नारळाचा नवा काथ्या. दोन हजार नऊ साली मी नेहमीसारखी गेले. आई ठणठणीत होती, आदल्या दिवशी पाणवठ्यावर जाऊन आली होती. पण शिवेच्या दगडापाशी तिनं बयाकाकीला पुढं बोलावलं आणि आपली दुरडी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. सगळे बघतच राहिले. मी तर तोंडात मारल्यासारखी. भिमाजीकाका मिशीत हसला, म्हणाला, शेवटी मान आला म्हणायचा आमच्या घरात.

"आला न्हाई, भावजी. मी दिलाय. आन् तुमाला न्हाई, बयाला दिलाय. त्या दिशी तिनं हात मागं घेतला म्हनून."

बयाकाकी दुरडी घेऊन राईत शिरली. आईनं निळं बूच काठीला घट्ट बसवलं आणि ती माझ्या पुढं घराकडं चालू लागली.