बेबीबाईची मांडी

सिहोऱ्यात कोणाचं पोर रडायला लागलं की बेबीबाईची हाक यायचीच, "आण वो इकडे, टाक माह्या मांडीवर." दोन थापट्यांत पोर गप्प. मग बाई ओठांवर बोट ठेवून अख्ख्या आळीला दटावायची, "चूप बसा ना बाप्पा, झोपू द्या लेकराले." नात डिंपल तिची हुबेहूब नक्कल करायची, बोट, डोळे, नाकातला सूर, सगळं. बेबीबाई रागावल्यासारखं करी अन् शेजारीण आली की पुन्हा करून दाखवायला लावी.

धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत खळ्यावर धानाचं उंच पुंजणं रचलेलं होतं. डिंपल त्यावरून घसरगुंडी खेळत होती. घसरली ती थेट ट्रॅक्टरच्या लोखंडी हुकावर डोक्यानं आदळली. जरा वेळ निपचित पडली, मग उठली, हसली, मुरमुरे मागितले. थोड्या वेळानं ओकली अन् पेंगायला लागली.

"आई, तुमसरले दवाखान्यात नेऊ ना," तिची माय कामिनी सासूला म्हणाली. "ट्रॅक्टर उभाच हाये."

"आत्ता तर बोलून राहिली होती ना वो? दचकली पोरगी. झोप झाली का टकाटक होते."

बेबीबाईनं नातीला मांडीवर घेतलं. कामिनी पुन्हा पुन्हा येऊन बघायची, अन् बाई ओठांवर बोट ठेवायची.

उन्हं कलली तेव्हा हलवूनही डिंपल उठेना. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. तुमसरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी नागपूरला पाठवलं. तिथं कवटी उघडून आत साचलेलं रक्त काढलं. पोरगी वाचली.

"इतका उशीर का केला?" सर्जननं विचारलं.



"गाडी नाही भेटली, साहेब," बेबीबाईनं तोंड उघडायच्या आतच कामिनी म्हणाली.

सुनेनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बाईनं त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या.

आता डिंपल चालते-फिरते, पण शब्द तोंडाशी येऊन अडकतात. बेबीबाई कोणाचंच पोर मांडीवर घेत नाही. अंगणात कोणी नसलं की नातीसमोर बसते.

"कर ना वो आजीची नक्कल. चूप बसा ना बाप्पा... मंग? पुढे काय म्हणते आजी?"

डिंपल बोट ओठांवर नेते. "झो... झो..."

ते वाक्य पुरं व्हावं असं बाईला फार वाटतं, अन् ते ऐकवतही नाही.

"राहू द्या, आई," दारातून कामिनी म्हणते. "थकली ते. झोप आली तिले."

डिंपल सवयीनं आजीच्या मांडीकडे सरकते. बेबीबाई पाय आखडून घेते.