निळी राहिलेली नळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही—आणि जिची ही गोष्ट, ती तर ह्यांची सख्खी थोरली वहिनी. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका.

दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट, देवळाली प्रवरेची. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीतली गाठ नगरला काढली. कॅन्सर. अंगानं स्थूल, त्यात मधुमेह. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं—साखर चढली तर जखम भरणार नाही, अंगात झुंजायचं बळ राहणार नाही, दुखणं उलटेल. दर सोमवारी नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक. विटकरी झालं की साखर चढली समजायचं, त्याच दिवशी नगरला आणायचं.

चौथ्या सोमवारी विटकरी झालं. त्याच आठवड्यात मिरजगावला माझ्या भावाचं लग्न होतं. नगरला न्यायचं म्हणजे सोबतीला मीच—दवाखान्याच्या फरशीवर पुन्हा महिनाभर. मी नळी मोरीत ओतली. आणि... माझी लघवी घेऊन पुन्हा तापवली. ती निळी नळी त्यांच्यासमोर धरली. जाऊबाई सुटल्यासारख्या हसल्या. मी लग्नात मिरवून आले.

परतल्यावर खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण मग आधीचं निळं कुठून आलं, असं कुणी विचारलं असतं तर? म्हणून पुढचा सोमवार. त्याच्या पुढचाही.

मुंग्या मात्र फसल्या नाहीत. रोज सकाळी मोरीत, जाऊबाईंच्या लघवीच्या जागी, रांगच्या रांग. मी कढत पाणी ओतायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग त्या खाटेकडे वळल्या. खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तरी एका सकाळी जाऊबाईंच्या पट्टीवर मुंग्या होत्या. आल्या कुठून? मला अजून कळलेलं नाही. मी एकेक वेचत होते आणि जाऊबाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मला फार भीती वाटली.

जखम चिघळली. दिवाळीला काखेत नवी गाठ. नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. साखर आवरली असती तर वाचल्या असत्या का? कोण सांगणार. पण तेवढी संधी होती, आणि ती मी मोरीत ओतली.

शेवटच्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ती निळी नळी तुझी हुती, व्हय ना?"

मी होय म्हणून मान हलवली.

"लगीन तरी नीट झालं का गं?"

झालं, मी म्हणाले. पंगतीला बुंदी होती, हेही सांगितलं. माफी मागायची राहिली—राहिली कसली, मी मागितलीच नाही.