समोरच्या घरातले चौतीस तास

समोरच्या घरातला मुलगा ट्रक चालवतो हे कळलं, तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावच्या मराठी मंडळींनी फार हळहळ व्यक्त केली. मुलगा इथेच जन्मलेला, आईवडील दोघंही डॉक्टर, आणि हा अठरा चाकांची गाडी घेऊन टेक्सासला जातो! मीही सगळ्यांबरोबर हळहळले. त्याची बायको सोलापूरची, लग्न होऊन इथे आलेली. तिची तर मला कीवच आली. ती कीव महिनाभरसुद्धा टिकली नाही.

कारण तो घरी असला की घरीच असायचा. रविवारी सकाळी बघावं तर हा गवत कापतोय आणि ती पायरीवर चहाचा कप घेऊन काहीतरी सांगतेय. मध्येच मशीन बंद करून तो ऐकायचा. खिशातला फोन वाजला तरी बाहेर काढायचा नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू, जळायचेच मी.

एकदा न राहवून तिला विचारलं, की तुझ्या नवऱ्याला सुटीच्या दिवशी कामाचे फोन येत नाहीत का गं?

"येतात ना ताई, पण तो उचलतच नाही," ती म्हणाली. "ट्रकमध्ये एक डबी असते, ती त्याचे तास मोजते. अकरा तास ड्राइव्ह केलं की दहा तास रेस्ट घ्यावीच लागते. आणि सलग चौतीस तास ऑफ घेतले की आठवड्याचे तास परत पहिल्यापासून मिळतात. रीसेट म्हणतात त्याला. मध्ये कामाला हात लावला तर रीसेट तुटतो."

म्हणजे हिला नवरा कायद्याने मिळत होता, तोही सलग! आणि माझा नवरा काय करतो? अशाच डब्यांचं ॲप लिहितो. ड्रायव्हरचे तास संपत आले की स्क्रीन लाल होते, ती लाल करणारा हाच. देशभरातल्या ट्रकवाल्यांना वेळेवर झोपवतो आणि स्वतः जेवतानासुद्धा ताटाशेजारी लॅपटॉप उघडा ठेवतो. समुद्रावर जायचा बेत दोनदा ठरला, दोनदा ह्याने कॅन्सल केला. शेवटी मी समुद्राचा नाद सोडला. मला फक्त एक अख्खा रविवार हवा होता, ज्यात तो माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकेल. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर हे काही फार मागणं नव्हतं.

म्हणून मी युक्ती केली. समोरच्या दोघांना त्याच्या रीसेटच्या दिवशी जेवायला बोलावलं. सुटीवरचा माणूस कसा दिसतो ते आमच्या ह्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. आमच्या नागपूरकडची पाटवडी केली, झणझणीत रस्सा केला, सकाळपासून ओट्याशी उभी होते.

झालं भलतंच. नवऱ्याला खराखुरा ट्रकवाला सापडला! पाहुणा जेमतेम बसतोय तोच हा लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी. "बटण मोठं हवं का? हातमोजे घालून दाबता येतं का?" डोळे नुसते चमकत होते. मी पानं घेतल्याचं दोनदा सांगितलं. "हो, एक मिनिट," म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात तो मुलगा हसत म्हणाला, "दादा, सॉरी हं. असं वर्क टॉक केलं तर मला ऑन-ड्यूटी दाखवावं लागेल. माझा रीसेट जाईल यार!"

चेष्टाच होती. पण नवऱ्याने चटका बसल्यासारखा लॅपटॉप मिटला. "अरे, सॉरी, सॉरी," म्हणत तो आत जाऊन ठेवूनसुद्धा आला. मग पानावर बसला, रस्सा दोनदा मागून घेतला, हॉस्टेलमधल्या गमती सांगितल्या, ज्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या. फोन वाजला, तर त्याने तो न बघताच उलटा ठेवला. मी वाढता वाढता बघत होते. इतके दिवस मी तिच्यावर जळत होते, त्या दुपारी तिच्या नवऱ्यावर जळले.

पाहुणे गेल्यावर ताटं उचलता उचलता मी विचारलं, "मी म्हटलं असतं, तर मिटला असतास लॅपटॉप?"

"अगं, त्याचा रीसेट तुटला असता ना," तो म्हणाला, अगदी मनापासून, आणि लॅपटॉप आणायला आत गेला.