कॉलरच्या आतली खूण

"नशीबवान जोडी हो! गेले तेही सोबतच." भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. वळणावर ट्रकनं स्कूटर उडवली, यात कसलं आलंय डोंबलाचं नशीब? पण खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आई-बाबा गेले तेव्हा त्यांच्यात अबोला होता. काडी लेकीनंच लावली होती.

अपघाताच्या चार दिवस आधी तिनं फोन केला होता. "पुरे झालं आता ते दुकान. बंद करा आणि माझ्याकडे राहायला या." आई एका पायावर तयार. बाबांनी मुकाट्यानं फोन आईच्या हातात दिला आणि इस्त्री उचलली. दुसऱ्या दिवशी आई फोनवर कुजबुजली, "ह्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. मीही काही कमी नाही. बघूच कोण आधी बोलतंय ते."

त्रेचाळीस वर्षं त्या दोघांनी एका खोलीच्या दुकानात लाँड्री चालवली. नवा कपडा आला की आई कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं खूण घालायची, मोहरीएवढ्या टाक्यांची, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी. इस्त्री बाबांची. आईनं इस्त्री केली की बाहीवर एकाऐवजी दोन घड्या उमटायच्या. बाबांनी सुई धरली की टाके दारू प्यायल्यासारखे चालायचे, आणि शेवटची गाठ तर त्यांना जन्मात जमली नाही; दोरा तसाच लोंबत राहायचा. म्हणून कामाची वाटणी पक्की होती. भांडणाची मात्र वाटणी नव्हती, त्यात दोघंही तरबेज. एकदा टेबलफॅनचं तोंड कुणाकडे असावं यावरून नऊ दिवस अबोला चालला. "काकूंना सांगा, शिंपडायचं पाणी संपलंय," असं बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि बिचारं गिऱ्हाईक दोन हातांवर उभ्या असलेल्या काकूंना तो निरोप द्यायचं.

अबोला सुटायचा तोही तोंडानं नाही. 'चुकलं' हा शब्द त्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. ज्याला माघार घ्यायची असेल त्यानं दुसऱ्याचं काम गुपचूप करून ठेवायचं. बारा ते दोन बाबा जेवायला घरी जायचे, दोन ते चार आई. दुकानात एकटं असण्याची वेळ तेवढीच. टेबलफॅनच्या भांडणात दहाव्या दिवशी बाबांनी एका चादरीला खूण घातली आणि त्या नादात चादर स्वतःच्या पायजम्याला शिवून टाकली. आई परत आली तर हे खुर्चीतून उठू शकेनात. ती पोट धरधरून हसली आणि मग बोलणं सुरू झालं.

आता आठवडा उलटला होता. कपाटात उरलेले कपडे ज्याचे त्याला द्यावेत म्हणून लेकीनं दुकान उघडलं. समोरच्या चहावाल्याला तिनं धीर करून विचारलंच, "शेवटच्या दिवशी बोलत होते का हो दोघं?"

चहावाल्यानं नजर चुकवली. "खोटं कशाला सांगू ताई? स्कूटरवर बसताना तरी काही ऐकलं नाही."

ती आत येऊन कपडे वेगळे करत बसली. डोळ्यांपुढं सगळं धूसर होत होतं. आपण फोन केला नसता तर, हे तिनं दिवसभरात शंभरदा तरी म्हटलं असेल.

तेवढ्यात दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर आले. त्यांचा नवा पांढरा शर्ट तिनं गठ्ठ्यातून काढून दिला. त्यांनी तो उलगडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"राग मानू नकोस पोरी, पण तुझ्या बाबांचं काम असं कधी नव्हतं. ते गेले त्याच दिवशी सकाळी टाकला होता मी. हे बघ."

बाहीवर दोन घड्या होत्या.

लेकीनं शर्ट हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. आईची इस्त्री! म्हणजे बारा ते दोन. तिनं कॉलर उलटी केली. इस्त्री झालेली कॉलर पुन्हा चुरगळली होती आणि आत लाल टाके वेडेवाकडे पळत होते. दोनला बाबांनी त्या घड्या पाहिल्या असणार आणि सुई शोधली असणार. चार दिवस ताणून धरलेलं दोघांनी एकाच दुपारी सोडलं होतं. पण आईला ते कळलं का? चारला ती आली आणि लगेच कपडे पोचवायला दोघं निघाली. तिनं हे पाहिलं तरी होतं का?

तिनं लोंबणारा दोरा शोधला. तो नव्हता. शेवटच्या टाक्याशी दुहेरी गाठ होती, बारीक, कापडाला चिकटून कापलेली. ती गाठ आईशिवाय कुणाची असणार?

लेक कॉलर गालाशी धरून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"अगं, काय झालं?" कंपाउंडर घाबरले. "मी आपलं सहज म्हटलं. करून दे पुन्हा इस्त्री, त्यात काय एवढं?"

"नाही करणार, काका," ती म्हणाली. "चार वाजता बोलले ते."