संदर्भ नसलेली ओळ

परवा दुपारी पुण्याहून एका तरुण डॉक्टरणीचा फोन आला. गोळ्यांशिवाय निद्रानाशावर उपचार कसे करावेत, याच्या मार्गदर्शक सूचना आम्ही काही जणांनी मिळून पूर्वी लिहिल्या होत्या... त्यांची नवी आवृत्ती आता तिच्या गळ्यात पडली आहे.

तिचा प्रश्न साधा होता. वाहनचालकांबद्दलच्या एका ओळीला संदर्भ नाही, आणि संदर्भ नसलेल्या ओळी या वेळी काढायच्या ठरल्यात... मग काढू का?

मी म्हटलं, दोन दिवस थांब. फोन ठेवला आणि पुढे एकाही पेशंटकडे धड लक्ष लागलं नाही.

ती ओळ दौलतभाऊंची आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा दवाखाना जालन्यात, आणि दर मंगळवारी मी जाफराबादला बसायचे. दौलतभाऊ जाफराबाद-जालना काळी-पिवळी जीप चालवायचे. वडील गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती... नऊला पाठ टेकायची आणि पत्र्याकडे बघत पडून राहायचं.

मी नुकतीच शिकून आले होते, उत्साह नुसता उतू चाललेला. आधी झोपेची डायरी भरून घ्यायची, त्यात जेवढी झोप दिसेल साधारण तेवढाच वेळ अंथरुणात राहायचं, दिवसा डोळा मिटायचा नाही... काही आठवड्यांत झोप सलग होते. पद्धत चांगलीच आहे, आजही वापरते मी.

दौलतभाऊंनी दोन आठवडे इमानेइतबारे डायरीचा फॉर्म भरला. रात्रीची झोप जेमतेम साडेचार तास. मी पाच तास ठरवून दिले... बारा ते पाच, बाकी जागं. वर दमही भरला, की दिवसा डुलकी काढलीत तर सगळ्यावर पाणी फिरेल.

आता आपल्याकडची जीप कशी चालते ते तुम्हाला माहीतच आहे. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरेपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून झोपतो. दौलतभाऊही झोपायचे... प्रत्येक फेरीला अर्धा तास, कधी तासभर. असे झोपलेले ड्रायव्हर काच वाजवून उठवणारी बाई मी. पण माझ्या फॉर्ममध्ये रकाने फक्त रात्रीचे होते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि माणूस शब्दाचा पक्का. डुलकी बंद म्हणजे बंद. स्टँडवर तोंडावर पाणी मारत उभे राहायचे, हे मला फार नंतर कळलं.

नवव्या दिवशी भर दुपारी जीप रस्ता सोडून कडुलिंबाच्या झाडावर आदळली. दोन पॅसेंजरची हाडं मोडली. दौलतभाऊंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कोणी दगावलं नाही... हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

पोलिसांच्या कागदावर चालकाचा हलगर्जीपणा लागला. दौलतभाऊंनी माझं नाव कुठेच घेतलं नाही, आणि मीही मूग गिळून गप्प बसले. त्यांना भेटायला गेले, सफरचंदं ठेवली, पाच मिनिटं बसले आणि निघून आले. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

पुढे पुण्यात त्या सूचनांची बैठक भरली. मी हट्टच धरला... वाहनचालकांना ही पद्धत सरसकट देऊ नये, आणि दिवसाची झोप आधी विचारून घ्यावी, एवढी ओळ हवीच. अध्यक्षांनी विचारलं, आधार काय? सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. खरं बोलायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "एका केसबद्दल ऐकलंय."

ऐकलंय म्हणे... अध्यक्षांना जेवणाची घाई असावी. ओळ आत गेली, संदर्भाविना.

आणि आता ती पुसली जाणार होती. मग उद्या कुणीतरी दुसरी उत्साही डॉक्टरीण दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला पाच तास लिहून देणार होती... म्हणून काल जाफराबाद गाठलं.

दौलतभाऊंचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे. स्टुलावर बसून ट्यूब घासत होते, कुबडी भिंतीला टेकवलेली. मी सगळं सांगितलं... फॉर्म, रकाने, पुण्यातलं माझं खोटं. तुमचं नाव न घालता तुमची हकीकत छापू का, असं विचारलं.

त्यांनी वर बघितलंच नाही. "मला ठाऊक व्हतं मॅडम. डुलकी बंद केली तवापासून गाडीत बसाया भ्या वाटून राह्यलं व्हतं. पन तुमी सांगितल्तं ना..."

मग पोलिसांना का नाही सांगितलंत, म्हटलं.

"सांगून पाय थोडाच येनार व्हता?" त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं. मग म्हणाले, "लिवा बिलकुल. पोलिसाच्या कागदात माझी चूक हाये. तुमच्या कागदात तुमची लिवा... मंग बराबर होईल."

मला तिथे उभं राहवेना.

आज सकाळी पुण्याला फोन केला. ओळ राहणार आहे. खाली तळटीप येईल, हकीकत थोडक्यात, चूक उपचार करणाऱ्या डॉक्टरची, आणि डॉक्टर म्हणून माझं नाव.

तळटीप दोनच ओळींची आहे... ती लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं दौलतभाऊ माझी चूक आपल्या नावावर घेऊन त्या स्टुलावर बसून होते.